शोधनिबंध छापल्यानंतर

संशोधन हा शब्द हल्ली आपल्या कानांवर वारंवार पडतो. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल उघडावा, तर त्यात वर्षभरात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची संख्या ठळकपणे दिलेली असते. अध्यापकाच्या बढतीचा विचार निघाला की त्याने किती निबंध छापले याची मोजदाद होते. आणि सरकारी खात्यांतही ‘संशोधनावर आधारलेले धोरण’ हे शब्द आता टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात येऊन बसले आहेत. परंतु निबंध छापून झाल्यावर त्याचे पुढे काय होते, तो कोणाच्या हाती पडतो, त्यामुळे कोणाच्या आयुष्यात काय फरक पडतो आणि या प्रवासात त्यातले काय वाटेवर गळून जाते, याची चौकशी आपण क्वचितच करतो. आज मी या चौकशीसंबंधी काही गोष्टी आपल्यापुढे ठेवणार आहे. मी संशोधक नाही. एम. ए. होईपर्यंत विद्यापीठाशी जो संबंध आला तेवढाच. पुढची वीसएक वर्षे सरकारी चाकरीत गेली. तेव्हा मी बोलणार आहे ते निबंध लिहिणाऱ्याच्या बाजूने नव्हे. तो वाचून, आणि पुष्कळदा न वाचताही, निर्णयाचे टिपण लिहावे लागते अशा माणसाची ही बाजू आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास चेन्नईचा एग्मोर भाग फार सोयीचा आहे. तमिळ माणूस त्याला एळुंबूर म्हणतो. आपल्याकडून गेलेल्या प्रवाशाला एग्मोर ठाऊक असते ते तिथल्या रेल्वे स्थानकामुळे. तंजावर, मदुरा, रामेश्वर इकडे जाणारा यात्रेकरू तेथून गाडी पकडतो आणि बाकीचे एग्मोर न पाहताच पुढे जातो. पण स्थानकापासून थोडे चालत पँथिऑन रोडला आले, की तांबड्या इमारतींचे एक मोठे आवार लागते. तेथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे आणि त्याला लागूनच १८९६ साली खुले झालेले कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय आहे. जवळच १८१९ साली स्थापन झालेले, जगातील अगदी जुन्या नेत्ररुग्णालयांत गणले जाणारे सरकारी नेत्ररुग्णालय आहे. एग्मोरच्या शेजारच्या चेटपेटमध्ये, जुन्या स्पर टँक रोडवर, क्षयरोगावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. आकाशवाणीचे मद्रास केंद्र १९३८ साली सुरू झाले तेही एग्मोरमध्येच, मार्शल्स रोडवरच्या एका बंगल्यात. ज्ञान साठवणे, ज्ञान हाताने शिकवणे, ज्ञान नव्याने निर्माण करणे आणि ते कानोकानी पोचवणे, या चारही गोष्टींची घरे एवढ्याशा परिसरात नांदली.

प्रथम ग्रंथालयाविषयी. १९५४ साली संसदेने एक कायदा केला. भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि आणखी तीन ग्रंथालयांकडे पाठवली पाहिजे, असे त्याने ठरवले. त्या तिघांपैकी एक म्हणजे एग्मोरचे कॉनेमारा. म्हणजे पुण्याच्या शनिवार पेठेत छापलेला मराठी प्रबंध किंवा नागपुरात छापलेला शेतीवरचा ग्रंथ कायद्याने एग्मोरला पोचला पाहिजे. ही तरतूद मला नेहमी हृद्य वाटत आली आहे. कारण एक प्रांत आपले पुस्तक दुसऱ्या प्रांताच्या स्वाधीन करतो, यात राष्ट्राच्या ऐक्याची एक शांत खूण आहे. तथापि जतन होणे निराळे आणि वाचले जाणे निराळे. याच मद्रासेत १९२४ साली विद्यापीठाच्या ग्रंथपालपदावर रुजू झालेले एस. आर. रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक होते. पुस्तक हे वापरण्यासाठी असते, या साध्या तत्त्वावर त्यांनी एक शास्त्र उभे केले आणि ग्रंथालयांची कुलपे उघडण्यासाठी आयुष्य वेचले. देशातला अगदी आरंभीचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९४८ साली मद्रास प्रांतात झाला, त्यामागे त्यांचीच तळमळ होती. महाराष्ट्रात तसा कायदा व्हायला १९६७ साल उजाडावे लागले.

आता नेत्ररुग्णालय. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे रॉबर्ट हेन्री एलियट नावाचे शल्यविशारद अधीक्षक होते. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि दृष्टी हळूहळू विझत जाते. बुबुळाच्या कडेला सूक्ष्म गोल छिद्र पाडून आतल्या द्रवाला वाट करून द्यावी, अशी शस्त्रक्रिया एलियट यांनी तेथे शेकडो रुग्णांवर केली. १९०९ साली त्यांनी तिच्यावर निबंध लिहिला आणि १९१३ साली स्वतंत्र ग्रंथ. पण शस्त्रक्रिया ही वाचून येणारी विद्या नव्हे. म्हणून ते अमेरिकेत गेले, तिथल्या शल्यविशारदांपुढे त्यांनी आपली पद्धत करून दाखवली, आणि मग ती जगभर पसरली. पुढे, १९६८ नंतर, तिची जागा अधिक सुधारलेल्या पद्धतीने घेतली. विद्येत असे होणारच. मुद्दा एवढाच, की शोधाच्या प्रसारात छापील पान हा एक टप्पा असतो. त्याच्या पुढे शिकवणारा हात लागतो.

परंतु माझ्या विषयाचा खरा गाभा आहे तो स्पर टँक रोडवरच्या संस्थेच्या कहाणीत. ती थोडी विस्ताराने सांगतो.

१९५० च्या सुमारास क्षय हा शब्द घरात मोठ्याने उच्चारला जात नसे, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. क्षय म्हणजे मिरजेजवळची वानलेसवाडी, क्षय म्हणजे पाचगणी, क्षय म्हणजे तळेगाव. आणि क्षय म्हणजे आरोग्यधामाच्या व्हरांड्यात ओळीने मांडलेल्या खाटा, दूध, अंडी, मोकळी हवा आणि सक्तीची विश्रांती. ज्याच्याजवळ पैसा असे आणि ज्याला खाट मिळे, त्याच्यासाठी हे होते. देशात रोगी होते लाखांनी आणि खाटा होत्या हजारांनी. १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीने तर असे दाखवले, की हा केवळ शहरांचा रोग नाही. खेड्यांतही तो तितकाच पसरलेला आहे. सगळ्या रोग्यांना पुरतील इतकी आरोग्यधामे बांधायची म्हटली तर कोणत्याही पंचवार्षिक योजनेची छाती झाली नसती.

त्याच सुमारास औषधे मात्र हाती आली होती. स्ट्रेप्टोमायसिन, पॅस आणि १९५२ पासून आयसोनियाझिड. पैकी शेवटच्या दोन तोंडाने घ्यावयाच्या होत्या आणि आयसोनियाझिड तर स्वस्तही होते. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला : झोपडीत, एका खोलीत सहाजण राहतात अशा ठिकाणी, अपुऱ्या अन्नावर, विश्रांतीवाचून, केवळ ही औषधे घेऊन रोगी बरा होईल काय? आणि घरात ठेवल्यास तो आपल्या मुलाबाळांना रोग देणार नाही काय?

या प्रश्नाला मते पुष्कळ होती, पुरावा नव्हता. म्हणून १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र काढले. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश वैद्य त्याचे पहिले प्रमुख. शहरातल्या गरीब वस्त्यांतून १९३ रोगी घेण्यात आले. कोणी घरी राहायचे आणि कोणी आरोग्यधामात जायचे, हे वैद्याने ठरवले नाही आणि रोग्यानेही ठरवले नाही; चिठ्ठी टाकावी तसे ते यदृच्छेने ठरले. दोन्ही गटांना औषधे तीच आणि मुदत तीच, एक वर्षाची. फरक राहिला तो खाट, अन्न, हवा आणि विश्रांती यांचा.

१९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मुखपत्रात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामातल्या रोग्यांचे वजन अधिक वाढले होते, त्यांना अन्न चांगले मिळाले होते, विश्रांतीही पुष्कळ मिळाली होती. पण कफातले जंतू नाहीसे होणे आणि फुप्फुसातला रोग ओसरणे, या दृष्टीने पाहता घरी राहिलेले रोगी फारसे मागे राहिले नव्हते. गुण आला होता तो औषधाने. शतकभर चालत आलेल्या एका समजुतीचा पाया त्या एका निबंधाने काढून घेतला.

हा निबंध कसा प्रसिद्ध झाला, याकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. कारण पुढच्या यशाचे बरेचसे रहस्य त्यात आहे. एक तर तो नव्वदांहून अधिक पानांचा होता. रोगी कसे निवडले, कोण मधूनच निघून गेले, कोणाचे औषध चुकले, कोणाला गुण आला नाही, हे सारे कोष्टकांसह त्यात मांडले होते. शंकेखोर वाचकाला स्वतः हिशेब तपासता यावा, इतके ते सविस्तर होते. दुसरे असे, की लेखक म्हणून त्यावर व्यक्तीचे नाव नव्हते, केंद्राचे होते. ज्या परिचारिका घरोघर गेल्या, ज्यांनी कफ तपासला, ज्यांनी आकडेमोड केली, त्यांच्या समाईक श्रमाला ते नाव शोभून दिसले. आणि तिसरे, ज्या नियतकालिकात तो आला ते निरनिराळ्या देशांच्या आरोग्य खात्यांत वाचले जाणारे होते. आज तर तो संगणकाच्या पडद्यावर कोणालाही, कसलेही मूल्य न देता, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता येतो.

केंद्र तेथेच थांबले नाही. पहिल्या निबंधानंतर जे आक्षेप निघणार होते त्यांची उत्तरे एकेक करून शोधण्यात आली. अन्नाचे काय, या आक्षेपाला १९६१ च्या निबंधाने उत्तर दिले. घरच्यांना लागण होते त्याचे काय, या आक्षेपासाठी रोग्यांच्या कुटुंबीयांवर पाच वर्षे नजर ठेवण्यात आली, आणि १९६६ साली एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी निष्कर्ष मांडला. रोगी घरी राहिल्यामुळे त्याच्या माणसांत रोगाचे प्रमाण वाढले नव्हते. त्यांना मुख्य धोका होता तो निदान होण्यापूर्वीच्या सहवासाचा. औषध सुरू झाले की तो धोका झपाट्याने उतरतो. या एका वाक्याने किती घरांतली ताटवाटी वेगळी करण्याची रीत आणि किती सुनांची माहेरी होणारी बोळवण निरर्थक ठरवली, याचा विचार करावा. ते वाक्य मात्र त्या घरांपर्यंत पोचले नाही, आणि पोचले तेव्हा फार उशीर झाला होता.

सरकारपर्यंत ते त्यामानाने लवकर पोचले. १९५९ साली बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. देशाच्या आरोग्यव्यवस्थेत हा उपचार कसा बसवावा, याचा अभ्यास तिने हाती घेतला. आणि १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. जिल्ह्याला एक केंद्र, आणि रोग्यांनी घरीच राहून औषध घ्यावयाचे. परदेशांतही आरोग्यधामे एकामागून एक बंद होऊ लागली. मद्रासच्या झोपड्यांत सिद्ध झालेली गोष्ट युरोपच्या डोंगरमाथ्यावरच्या आरोग्यधामांना लागू पडली. संशोधनाचा परिणाम म्हणतात तो याहून मोठा क्वचितच आढळेल.

येथपर्यंतची कहाणी सर्वत्र सांगितली जाते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते तिचे पुढचे प्रकरण.

मद्रासच्या प्रयोगात रोगी घरी होता, पण एकटा नव्हता. केंद्राची माणसे त्याच्या घरी जात, आणि तीही आगाऊ न कळवता. गोळ्या किती उरल्या ते मोजत. औषध पोटात गेले की नाही हे कळावे म्हणून लघवी तपासत. रोगी आला नाही, तर त्याला शोधून आणत. ‘घरगुती उपचार’ या दोन शब्दांच्या पोटात एवढी यंत्रणा होती. निबंध धोरण बनला तेव्हा ‘घर’ हा शब्द तेवढा टिपणात आला. भेटी, मोजणी आणि शोध हे मागे राहिले. सरकारी कामकाजाची ज्याला सवय आहे त्याला हे कसे घडले असेल, हे सांगावे लागत नाही. नव्वद पानांच्या निबंधाचा दोन पानी गोषवारा होतो, गोषवाऱ्याचा परिच्छेद होतो, परिच्छेदाचे एक वाक्य होते. आणि प्रत्येक पायरीवर जे गळते ते बहुधा ‘अमुक अटीवर’ या शब्दांनी सुरू होणारे असते. खाटा लागणार नाहीत, खर्च वाचेल, हे वाक्य शेवटपर्यंत टिकते. कारण ते सर्वांना हवे असते. माणसे नेमावी लागतील, हे वाक्य पहिल्या पायरीवरच गळते.

परिणाम व्हायचा तोच झाला. औषधाने दोन-तीन महिन्यांत खोकला थांबे, वजन वाढे, रोगी कामावर जाई आणि औषध सोडून देई. रोग पुन्हा उलटे, आणि या वेळी औषधाला न जुमानणारा होऊन. तीस वर्षांनंतर, १९९२ साली, या कार्यक्रमाची जी तपासणी झाली तीत असे आढळले, की उपचार सुरू केलेल्यांपैकी निम्म्याहूनही कमी रोगी तो पुरा करत होते.

आणि यातली खेदाची गोष्ट अशी, की यावरचा उपायही मद्रासलाच सुचला होता आणि छापून आलेला होता. १९६४ साली त्याच केंद्राने दाखवून दिले होते, की रोज औषध देण्याऐवजी आठवड्यातून दोनच वेळा, पण परिचारिकेच्या डोळ्यांदेखत दिले, तरी गुण तितकाच येतो. डोळ्यांदेखत औषध देण्याचे हे तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या धोरणाचे मुख्य अंग म्हणून १९९० नंतर जगाला शिकवले. भारतात सुधारित कार्यक्रम १९९७ साली रीतसर सुरू झाला आणि सर्व देश त्याच्या कक्षेत यायला २००६ साल लागले. १९६४ पासून २००६ पर्यंतचे अंतर मोजून पाहावे. शोध लागला होता. तो छापला होता. ते नियतकालिक आमच्याच देशात येत होते. उणीव होती ती छापलेल्या पानापासून उपकेंद्रातल्या परिचारिकेपर्यंतच्या रस्त्याची. या बेचाळीस वर्षांत जे दगावले त्यांच्या मृत्यूचे कारण दाखल्यावर क्षय असे लिहिले गेले. त्यातल्या कित्येकांच्या बाबतीत तिथे ‘विलंब’ असा शब्दही शोभला असता.

पुढे आणखी एक पालट झाला. २०१७ साली आठवड्यातून तीन वेळा औषध देण्याची त्या वेळची पद्धत सोडून देऊन देशभर रोज औषध देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली, कारण नवा पुरावा तसा होता. यात जुन्या संशोधकांची नाचक्की नाही. संशोधनावर आधारलेले धोरण म्हणजे संशोधन बदलले की बदलणारे धोरण. तेवढी तयारी नसेल तर तो शब्द टिपणात लिहू नये.

अन्नाविषयीच्या निबंधाचे नशीब आणखी निराळे. १९६१ च्या त्या अभ्यासाने एवढेच दाखवले होते, की चांगली औषधे मिळत असतील तर अन्न उणे असले तरी रोगी बरा होतो. सुवार्ता होती ती. गरीब माणसाला औषध नाकारण्याचे एक कारण तिने नाहीसे केले. पण ऐकणाऱ्यांनी तिचा अर्थ असा घेतला, की क्षयात अन्नाला महत्त्व नाही. निबंधात तसे म्हटलेले नव्हते. जो आधीच रोगी आहे आणि औषध घेत आहे, त्याच्यापुरते ते विधान होते. जो अजून निरोगी आहे पण उपाशी आहे, त्याच्याविषयी त्यात काही नव्हते. तो प्रश्न तसाच राहिला आणि त्याचे उत्तर मिळाले २०२३ साली. झारखंडमध्ये रोग्यांच्या १०,३४५ कुटुंबीयांवर हा प्रयोग झाला. काही घरांतल्या माणसांना माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्या घरांना हा शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि संसर्गजन्य क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. चेन्नईची संस्था या कामातही सहभागी होती. सरकार २०१८ पासून रोग्याला पोषणासाठी महिना ५०० रुपये देत असे, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले. तांदूळ आणि डाळ ही औषधे आहेत असे आपली आजी म्हणत असे. पण आजीचे म्हणणे अंदाजपत्रकात घालता येत नाही, त्याला आकडा लागतो. तो आकडा मिळवून देणे, हे संशोधनाचे काम.

निराशाजनक निष्कर्षाचे काय करावे, हाही धडा याच भागात मिळतो. बी. सी. जी. लशीच्या देशव्यापी मोहिमेला १९५५ साली राजगोपालाचारींनी जाहीर विरोध केला होता, आणि त्यावरून मोठा वाद माजला होता. लशीचा गुण निश्चित करण्यासाठी मद्रासला लागून असलेल्या चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ पासून सुमारे दोन लाख साठ हजार लोकांवर भव्य चाचणी झाली. १९७९ साली पहिले निष्कर्ष आले आणि ते आयोजकांच्या अपेक्षेच्या अगदी उलट होते : प्रौढांना होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून लशीने तेथे संरक्षण मिळाले नव्हते. इतका पैसा, इतकी माणसे आणि इतकी वर्षे खर्ची घातल्यावर असा निष्कर्ष छापायला धैर्य लागते. तो छापला गेला. पुढे पंधरा वर्षांच्या निरीक्षणाचा अहवालही १९९९ साली प्रसिद्ध झाला. तान्ह्या मुलांना क्षयाच्या उग्र प्रकारांपासून ही लस वाचवते म्हणून ती आजही दिली जाते. पण तिच्यावर विसंबून रोग हटणार नाही, हे जगाला चेंगलपट्टूने सांगितले. फसलेला प्रयोग दडवला असता, तर दुसरा कोणी तरी तीच वाट पुन्हा तुडवीत बसला असता.

या सर्वांवरून काय करावे, याविषयी माझ्या अनुभवाच्या कक्षेत येणारी तीन-चार सूचनावजा वाक्ये सांगून मी आटोपते घेतो.

पहिली गोष्ट निबंध वाचायला मिळण्याची. केंद्र सरकारने २०२४ च्या अखेरीस परदेशी नियतकालिकांची समाईक वर्गणी भरण्याची योजना मंजूर केली आणि २०२५ पासून हजारो सरकारी शिक्षणसंस्थांना त्यांचा लाभ मिळू लागला. हे स्वागतार्ह आहे. पण तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा खासगी डॉक्टर, शाळामास्तर, पंचायतीचा सदस्य हे त्या कक्षेत येत नाहीत. आणि समजा आले, तरी इंग्रजीतला निबंध त्यांच्या काय कामाचा? म्हणून दुसरी गोष्ट भाषेची. लोकांच्या पैशातून आणि लोकांच्या अंगावर झालेल्या प्रत्येक अभ्यासाचा चार पानी वृत्तांत त्या लोकांच्या भाषेत, त्याच संशोधकाच्या सहीने निघाला पाहिजे; मराठी मुलखात मराठीत, तमिळ मुलखात तमिळमध्ये. त्या वृत्तांतात निष्कर्ष असावा, पण त्याआधी त्याच्या अटी असाव्यात. ‘हे खरे आहे, परंतु एवढे एवढे केले तर’, असे तो स्पष्ट सांगो. संक्षेप करणाऱ्याने काय वगळावे यापेक्षा काय वगळू नये, हे लिहिणाऱ्यानेच सांगून ठेवणे बरे. बढतीच्या वेळी दहा निबंधांची संख्या मोजणाऱ्यांनी असा एक वृत्तांत निबंधाच्या बरोबरीचा धरावा, अशी माझी विनंती आहे.

तिसरी गोष्ट आम्हा सरकारी माणसांची. ज्या टिपणावर निर्णय होतो त्यात तो कोणत्या अभ्यासावर उभा आहे, त्या अभ्यासाच्या कोणत्या अटी आपण पाळणार आहोत, कोणत्या पाळू शकत नाही, आणि किती वर्षांनी हा पुरावा पुन्हा तपासायचा, या चार ओळी सक्तीच्या असाव्यात. त्याला नवा कायदा नको, खर्च नको. १९६२ च्या निर्णयावर अशा चार ओळी असत्या, तर तिसऱ्याच वर्षी कोणी तरी विचारले असते, की घरोघर जाणारी माणसे कोठे आहेत?

शेवटची गोष्ट श्रोत्यांनो, आपली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कधी ना कधी कोणी तरी प्रश्नावली घेऊन आले असेल. कोणी रक्ताचा नमुना दिला असेल, कोणी शेतातली माती दिली असेल, कोणाच्या मुलाचे वजन-उंची मोजून नेली असेल. आपण चहा दिला, उत्तरे दिली, अंगठा किंवा सही दिली. आणि मग त्या अभ्यासाचे काय झाले ते आपल्याला कधीच कळले नाही. १९५६ साली मद्रासच्या वस्तीतल्या त्या १९३ माणसांनी आपला आजार जगाच्या उपयोगी पडू दिला. त्यांच्यामुळे जे कळले ते त्यांच्या भाषेत, त्यांच्या दारी जाऊन कोणी सांगितले पाहिजे होते, हे त्यांचे मागणे झाले असते तर ते अवाजवी ठरले नसते. आपलेही ठरणार नाही. पुढच्या खेपेला वही घेऊन कोणी दारी आले, तर त्यांना अवश्य मदत करावी आणि निघताना एवढेच विचारावे : याचे उत्तर आम्हाला केव्हा आणि कोठे वाचायला मिळेल? हा प्रश्न पुरेशा दारांतून विचारला गेला, तर शोधनिबंधाचा पुढचा रस्ता आपोआप दुरुस्त होऊ लागेल.